तोंड भिंतीकडे

माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला गाडी मागे घेता येत नाही. हे वाक्य त्याच्यासमोर बोलायची आमच्या घरात कुणाची छाती नाही, म्हणून ते इथे पहिल्याच ओळीत लिहून मी मोकळी होते.

यवतमाळात आर्णी रोडच्या बाजूला वडिलांनी घेतलेला प्लॉट आहे. त्यावर दोन घरं आणि मध्ये कमरेएवढी भिंत. एका घरात दादा आणि वहिनी राहतात, दुसऱ्यात मी एकटी. दादा सरकारी कचेरीतून साहेब म्हणून निवृत्त झाला, आणि तेव्हापासून रोज सकाळी त्याला बसस्थानकाजवळ मित्रांबरोबर चहा प्यायला जायचं असतं. चहा घरीही होतो आणि चांगला होतो. पण चहा पिता पिता देश चालवायचा तर आणखी तीन-चार रिकामटेकडी माणसं लागतात, ती घरी कुठून आणायची? म्हणून दादा इस्त्रीचा शर्ट घालतो, गाडीत बसतो, इंजिन चालू करतो आणि दोनदा हॉर्न वाजवतो.

हा हॉर्न वहिनीसाठी असतो. तो ऐकला की ती हातातली भाकर कशीबशी तव्यावर टाकते, गॅस बारीक करते, गाऊनवर ओढणी घेते आणि लगबगीने रस्त्यावर येऊन उभी राहते. कारण गाडीचं तोंड पोर्चच्या भिंतीकडे असतं आणि मागची बाजू फाटकाकडे. फाटकापुढे नालीवरचा उतार, त्यापुढे रस्ता, आणि रस्त्यावर त्या वेळी शाळेच्या ऑटोंची धावपळ. वहिनी एक हात ऑटोंना दाखवते, दुसऱ्या हाताने गाडीला बोलावते आणि ओरडते, "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या... अवो, थांबा!"

हे 'थांबा' नेहमी उशिरा येतं. फाटकाच्या खांबाचा कोपरा दिवाळीला सिमेंट लावून भरतात आणि संक्रांतीपर्यंत तो पुन्हा उडालेला असतो. खांब उडाला की दादा काच खाली करतो आणि कॉलनीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, "तुले साधं सांगताबी येत नाई का?"

आरसे याच्यासमोर, ब्रेक याच्या पायाखाली, आणि चूक कुणाची, तर बाहेर ऑटोवाल्यांच्या शिव्या खात उभ्या असलेल्या बाईची! ती बिचारी ओढणी सावरत आत जाते, तोवर भाकर करपलेली असते. करपलेली भाकर ती स्वतः खाते.

मी या गोष्टीवर पुष्कळ विचार केला आहे. रिकामा वेळ मलाही आहे. माझं मत असं झालं आहे की आमचा अख्खा जिल्हा गाडी लावायला एसटीकडून शिकला. एसटी स्थानकात शिरली की थेट फलाटाला नाक लावून उभी राहते. निघायच्या वेळी कंडक्टर खाली उतरतो, मागे जाऊन शिट्टी मारतो, पत्र्यावर थाप देतो, आणि मग गाडी मागे येते. लोकांनी जन्मभर हेच पाहिलं. पुढे घरोघरी गाड्या आल्या. नाक लावायला भिंत प्रत्येकाकडे होतीच, पण कंडक्टर काही गाडीबरोबर मिळाला नाही. मग तो घरातूनच काढला. आमच्या कॉलनीत सकाळी एक चक्कर मारा. फाटकाफाटकाबाहेर एकेक गाऊन आणि ओढणी उभी असते, आणि आतून एकेक टक्कल मान न वळवता मागे येत असतं. एसटीच्या कंडक्टरला निदान शिट्टी आणि संघटना असते.

गाडी उलटी का लावत नाहीस, असं दादाला विचारायची सोय नाही. आल्यावर निवांत मागे घेऊन लावली तर दुसऱ्या दिवशी सरळ निघता येईल, बायकोची भाकर करपणार नाही, एवढी साधी गोष्ट. पण त्याच्याकडे उत्तरं तयार असतात. नवी गाडी आणली त्या दिवशी वहिनीने तिला हळदीकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि मी नेमकं तेव्हाच हे विचारलं.

"गाडीचं तोंड घराकडंच पाह्यजे," दादा म्हणाला. "लक्ष्मी हाय ते. लक्ष्मी कधी पाठ करून घरात येते का?"

"आणि रोज सकाळी ती घराकडे बघत बघत, खांबाला धडकत निघून जाते, ते तुला चालतं?"

"तुले त्यातलं कायी समजत नाई," असं म्हणून त्याने नारळ फोडला.

ही झाली धार्मिक बाजू. शास्त्रीय बाजूही त्याच्याकडे आहे. उलटी लावली तर धूर घरात येतो. उलटी लावली तर डिक्की भिंतीकडे जाते, मग किराणा काढायचा कसा? शिवाय अमेरिकेतही सगळे समोरूनच लावतात. अमेरिका त्याने मोबाइलवर पाहिली आहे. देवळासमोर तर प्रश्नच नाही, देवाला पाठ दाखवत नसतात. एवढी सगळी विद्वत्ता कशासाठी, तर मान मागे वळवायला लागू नये यासाठी.

या नव्या गाडीला मागचं दाखवणारा कॅमेरा आहे. काही जवळ आलं की टूंटूं वाजणारं यंत्रही आहे. त्या यंत्राने दादाला दरदरून घाम फुटायचा, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्याने त्याचा आवाज बंद करून आणला. कॅमेऱ्याबद्दल त्याचं म्हणणं, "त्यात सगळं उलटंच दिसते." सीटवर शोरूमचं प्लास्टिक अजून तसंच होतं. यवतमाळच्या उन्हाळ्यात त्या प्लास्टिकवर बसून बघा एकदा. उतरताना निम्मी कातडी तिथेच राहते. पण दादाच्या मते प्लास्टिक काढलं की गाडी जुनी होते, आणि रोज खांबाला घासली तरी ती नवीच राहते.

कुणी म्हणेल, बाई, भावावर फार दात आहे तुमचा. तसं नाही. उलटी लावणाऱ्यांबद्दलही मला काही फार आदर नाही. दारव्हा रोडवरच्या लॉनमध्ये लग्नाला जा. पुढाऱ्यांच्या पांढऱ्या गाड्या ओळीने रस्त्याकडे तोंड करून उभ्या असतात, आत ड्रायव्हर, एसी चालू. अक्षता पडायच्या आत जेवायचं आणि मंगलाष्टकं संपायच्या आत पसार व्हायचं. दुसरी जात तरण्या पोरांची. एका हाताने स्टिअरिंग गरागरा फिरवायचं, एका दमात गाडी उलटी घुसवायची, आणि उतरल्यावर चहूकडे बघायचं, कुणी पाहिलं का म्हणून. अरे बाबा, गाडी लावलीस. बाळंतपण नाही केलंस.

आणि तिसरी जात म्हणजे पानठेल्यावरची. बाईमाणूस गाडी मागे घेतंय असं दिसलं की आमच्याकडचा पुरुष तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्राही थुंकून टाकतो, आणि खर्रा तो आईसमोरसुद्धा थुंकत नाही. "काटा मारा म्याडम! अजून काटा! येऊ द्या, येऊ द्या, लय जागा हाय!" स्टिअरिंग कुठे वळवायचं ते तिघंजण तीन दिशांना हात करून दाखवतात आणि चौथा डिक्कीवर थापा मारतो, म्हैस गोठ्यात लोटावी तशा. त्यांच्याकडे न बघता मी गाडी लावते. मग ते एकमेकांकडे बघून माना डोलावतात, आपण होतो म्हणून बाईची गाडी लागली. यांची स्वतःची गाडी कुठे असते? पलीकडे, नाक नालीत घालून.

मला मागे घेणं झरी जामणी तालुक्याने शिकवलं. नोकरीची सुरुवातीची वर्षं मी तिकडे काढली. जंगलातला रस्ता एका गाडीपुरता, आणि समोरून बांबूने भरलेला ट्रक आला की तो काही मागे जात नाही. लहान गाडीने मागे जायचं, कडेला जागा सापडेपर्यंत, हा तिथला कायदा. पहिल्यांदा मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. ट्रकवाला शांतपणे बिडी ओढत बसला होता. रडून झाल्यावर मी मागे बघितलं आणि गाडी मागे घेतली. 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणायला तिथे सागाच्या झाडांशिवाय कुणी नव्हतं, म्हणूनच मला ते आलं असं आज वाटतं.

आता इथवरचं सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे, आणि मीही बरीच वर्षं ते तसंच नेलं. पण ज्याला गाडी मागे घेता येत नाही त्याचं जग हळूहळू केवढं होतं ते बघा. दादा फक्त अशाच ठिकाणी जातो जिथे गाडी पुढच्या पुढे निघेल. बाकी ठिकाणांबद्दल तो म्हणतो, "तिथं सोय नाई." कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलं की गाडी दूर मोठ्या रस्त्याला उभी, आणि वहिनी भर उन्हात नारळाची पिशवी घेऊन चालतेय. चुलत बहिणीच्या घरच्या बारशाला दोघं गेलेच नाहीत, गल्ली अरुंद म्हणून. दादाचं जग लहान झालं तर माझं काही म्हणणं नाही, त्याला तेवढंच पुरतं. पण त्याच्या जगात वहिनीही राहते.

वहिनीचं माहेर आर्णीला आहे. इथून तास लागत नाही. बाजाराच्या रस्त्यावरून एक गल्ली आत जाते, पुढे ती बंद होते, आणि शेवटचं घर तिच्या आईचं. लग्नानंतर पहिली गाडी घेतली तेव्हाच दादाने गल्लीच्या तोंडाशी उभं राहून निकाल दिला होता, "गाडी बसतच नाई इथं." हात लावून मोजलं नाही, पाऊल आत टाकलं नाही. साहेबाने फायलीवर शेरा मारावा तसा शेरा मारला आणि तो कायम झाला.

तेव्हापासून आर्णीची पद्धत ठरली. गाडी मोठ्या रस्त्यावर बी-बियाण्यांच्या दुकानासमोर उभी राहायची. वहिनी एकटी गल्लीत जायची. दादा काचा वर करून गाडीतच बसायचा, कारण गाडी सोडून गेलं तर कुणी घासून जाईल. मग जावयाचा मान राखायला तिची म्हातारी आई तांब्या-भांडं घेऊन गल्लीतून चालत रस्त्यावर यायची. हा काच चार बोटं खाली करून पाणी प्यायचा आणि भांडं परत द्यायचा. थोड्या वेळाने हॉर्न वाजवायचा, दोनदा. आईजवळ नुकतीच टेकलेली वहिनी उठायची. हे मी एकदा मागच्या सीटवर बसून डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्या दिवशी मला माझ्या भावाची लाज वाटली. बाकी वेळी वहिनी एसटीनेच जात असे. एसटीत निदान कुणी हॉर्न वाजवून उठवत नाही.

गेल्या वर्षी तिची आई न्हाणीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. म्हातारीच्या मुलाने अॅम्ब्युलन्स बोलावली. ती मोठी गाडी, ती खरोखरच गल्लीत येण्यासारखी नव्हती. मग चौघांनी म्हातारीला खाटेवर घातलं आणि खाट खांद्यावर घेऊन गल्लीतून बाजारातून नेली. बाजाराचा दिवस होता. लोकांना वाटलं, गेली. भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या, कुणी चपला काढल्या, कुणी हात जोडले, आणि एक ओळखीची बाई तर गळा काढून रडायलाच लागली. म्हातारी पूर्ण शुद्धीत होती. हे सगळं ती उताणी पडून बघत होती. ऑपरेशन होऊन परत आली तेव्हाही तशीच, खाटेवर, त्याच बाजारातून. पाय आता वाकत नाही, सरळ काठीसारखा राहतो. दाराच्या उंबऱ्यापर्यंत ती कशीबशी येते, पुढे नाही.

मुलगा-सून दिवसभर शेतावर. म्हातारी घरात एकटी. वहिनीचं काळीज तिकडे लागलेलं. आईला इथे आणायचं, हे तिने ठरवलं. मुलीच्या घरी राहायला म्हातारी आधी तयार नव्हती, तिला राजी करण्यात महिने गेले. आणि दादाबद्दल खरं ते सांगायला हवं, त्याने एका शब्दाने नाही म्हटलं नाही. स्वतःची पेपर वाचायची खोली रिकामी करून दिली, कमोडची खुर्ची आणली. सगळं झालं आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन अडली.

"रोडपर्यंत खाटेवर आणू. दोन मिन्टाचं काम हाय," दादा म्हणाला.

वहिनीने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा समोर ठेवला. तिकडून म्हातारीचा आवाज आला, "जितेपनी दोनदा गेली मी त्या बाजारातून खाटेवर. आता तिसऱ्यांदा जाईन ते मेल्यावरच. गाडी दारात आली तं येतो, नाई तं राहू दे मले इथंच."

ऑटोत पाय मावत नव्हता. माझ्या लहान गाडीच्या मागच्या सीटवरही तो सरळ राहिला नसता. दादाची गाडी लांब आणि ऐसपैस. ती होती, रोज चहाला जात होती, आणि आर्णीच्या त्या एका दारात तेवढी जात नव्हती. दादा म्हणायचा, "मी कुठं नाई म्हनतो? गल्लीच तशी हाय." वहिनी रोज सकाळी हॉर्न वाजला की रस्त्यावर जाऊन 'येऊ द्या' म्हणायची. मी भिंतीपलीकडून बघायचे आणि माझा चहा कडू व्हायचा.

एका सकाळी दादाची गाडी गेल्यावर ती भिंतीपाशी आली. "ताई, बसत असंन का वो गाडी तिथं? तुम्हाले काय वाटते?"

"मी पाहिली आहे ती गल्ली. बसते, वहिनी."

ती थोडा वेळ भिंतीवरच्या कुंडीतली माती उकरत राहिली. मग म्हणाली, "उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी दादा चहाला निघायच्या आधी मी त्यांच्या घरी गेले. मी गाडी चालवणार हे कळल्यावर दादा असा बघायला लागला की जणू मी त्याचा दात मागितला. "तू? माह्यी गाडी? नवी हाय ते." दाराजवळच्या खिळ्यावर चावी लटकत असते. वहिनीने ती काढून माझ्या हातात ठेवली आणि चपला घातल्या. "चला, ताई." एवढंच. दादा मग माझ्या शेजारी येऊन बसला, आर्णीपर्यंत न चुकता मला गियर सांगत राहिला, आणि मी न चुकता दुसराच टाकत राहिले.

गल्लीच्या तोंडापाशी मी गाडी पुढे काढली आणि उलटी घालायला वळवली.

"समोरून ने," दादा म्हणाला. "निंगताना पाहू."

"निघताना तू मागे घेशील?"

 बी-बियाण्यांच्या दुकानातून आणि शेजारच्या पानठेल्यावरून माणसं आलीच होती. नाई बसत म्याडम. बसते बे, काहून नाई बसत. आरसे बंद करा. आरसे बंद करू नका. एकाने डिक्कीवर हात ठेवायला उचललाही होता, तोवर मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो हात खिशात गेला. मी दादाला म्हटलं, "उतर. मागे कुणीतरी उभं राहावं लागतं. तूच सांगतोस ना?"

तो उतरला. इस्त्रीचा शर्ट, बाजारातली सगळी माणसं बघताहेत, आणि माझा भाऊ गल्लीत भिंतीला पाठ लावून उभा. वहिनीसारखा एक हात त्याने वर केला. "येऊ दे," तो म्हणाला.  "येऊ दे... थांब! थांब!" मागे अख्खी खाट मावेल एवढी जागा होती. मी कॅमेऱ्यात बघितलं, आरशात बघितलं, मान वळवून बघितलं, आणि गाडी येऊ दिली. वहिनी पुढे पुढे जात कुणाची सायकल आत ओढत होती, कुणाची बाज उभी करत होती, वाळत घातलेलं लुगडं काठीसकट बाजूला करत होती. कुठेही घासलं नाही. गाडी म्हातारीच्या दारासमोर जाऊन उभी राहिली, तोंड रस्त्याकडे करून.

मुलगा आणि वहिनी दोघांनी मिळून म्हातारीला उंबऱ्यापर्यंत आणलं आणि मागच्या सीटवर आडवी बसवली. ती प्लास्टिकवरून घसरायला लागली. वहिनीने एका हाताने आईला धरलं आणि दुसऱ्या हाताने प्लास्टिक टर्रकन फाडून गल्लीत फेकलं. 

म्हातारी नीट टेकून बसली. तिने गाडीच्या टपाकडे पाहिलं, काचेतून आपल्या दाराकडे पाहिलं आणि लेकीला विचारलं, "आली नं गाडी दारात. मंग इतके वर्सं काहून येत नव्हती वं?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. जावयाला पाणी द्यायला ती एवढी वर्षं त्या रस्त्यापर्यंत चालत गेली होती.  दादा नालीकडे बघत होता. वहिनीने गाडी आणि भिंत यांच्यामध्ये हात घातला, पंजा पसरून, मग कोपरापर्यंत. "पुरा हात जाते," ती म्हणाली. दादाला नाही, मला नाही, आपल्यालाच म्हणाली.

आम्ही सरळ बाहेर आलो. बाजारातल्या बायकांनी वाकून गाडीत पाहिलं, आणि म्हातारीने काचेतून त्यांना हात केला. यवतमाळपर्यंत दादाने मला एकही गियर सांगितला नाही. घरी आल्यावर म्हातारीला उतरवून मी गाडी होती तशीच पोर्चमध्ये नेली, समोरून, भिंतीला नाक लावून. सवयीची जागा त्याची त्यालाच लखलाभ.

सकाळी दादाने शर्टाला इस्त्री केली, गाडीत बसला, इंजिन चालू केलं आणि दोनदा हॉर्न वाजवला. मी भिंतीपाशी चहा घेऊन उभी होते. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली, पण रस्त्याकडे गेली नाही. हाताला ज्वारीचं पीठ होतं, ओढणी घेतलेली नव्हती. ती भिंतीपाशी आली.

"ताई, मले गाडी शिकवा."

मी कप खाली ठेवला.

"पुढं नेनं मंग पाहू," ती म्हणाली. "आधी मागं घेनं शिकवा."

पोर्चमधून पुन्हा हॉर्न आला, दोनदा, आणि मग एक लांबलचक. समोरच्या फाटकातल्या बाईने मान बाहेर काढून पाहिलं. आत तव्यावर भाकर होती, ती उलटायला वहिनी वळली.

"वहिनी, हॉर्न वाजतोय," मी म्हटलं.

"वाजू द्या," ती म्हणाली, रोज रस्त्यावर उभी राहून म्हणायची त्याच सुरात. "वाजू द्या, वाजू द्या."